डॉक्टर येईपर्यंत

हार्म बूलेन्स आणि इमके साटहोफ यांची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते एका रबरी पुतळ्यावरून.

सरहद्दीवर दोन्ही देशांच्या, जर्मन आणि डच, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांची एकत्र कवायत होती. एक जुनी बस शेतात आडवी पाडून ठेवली होती आणि तिच्यात जखमी म्हणून पुतळे कोंबले होते. इमकेने आपल्या वाट्याच्या पुतळ्याला ऑक्सिजन लावला, मान स्थिर केली, सलाइनची सुई टोचली आणि ती डॉक्टरची वाट बघत बसली. शेजारच्या पुतळ्यापाशी एक उंच डच माणूस होता. त्याने तोवर पुतळ्याला वेदनेचं औषध दिलं, पाय ओढून सरळ केला, पट्ट्या बांधल्या आणि त्याला स्ट्रेचरवर घेतलंसुद्धा.

"तुझा का पडून आहे?" त्याने विचारलं.

"डॉक्टर येतायत."

"अरे वा. आणि तोवर ह्याने काय करायचं? गाणी म्हणायची?"

"तुझ्या पुतळ्याला त्या औषधाचं वावडं होतं," इमके म्हणाली. "गळ्यात पाटी आहे बघ. वाचलीस?"

त्याने वाकून पाटी वाचली. त्याचे कान लाल झाले. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं आणि दोन देशांमधल्या पाण्याच्या चराच्या जर्मन बाजूला, ओस्टरझीलमध्ये, इमकेच्या वडिलांचं विटांचं घर होतं तिथे संसार मांडला. वडील आयुष्यभर पंपघरावर होते. समुद्राचं पाणी बाहेर आणि शेताचं पाणी ताब्यात, एवढंच काम. आपली मुलगी अ‍ॅम्ब्युलन्सवर जाते याचं त्यांना नवल वाटायचं नाही. "हीही बांधच घालते," म्हणायचे.

नवराबायकोचा पेशा एकच, पण दोघांच्या कामाची घडण वेगळी. इमकेच्या बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स निघाली आणि दुखणं मोठं वाटलं, की दुसऱ्या गाडीतून डॉक्टर वेगळा निघायचा. पॅरामेडिकने जीव धरून ठेवायचा. मोठी औषधं, मोठे निर्णय डॉक्टरचे. हार्मच्या बाजूला रस्त्यावर डॉक्टर जवळजवळ नसायचाच. गाडीत दोन माणसं, एक ड्रायव्हर आणि एक नर्स. ती नर्स म्हणजे हार्म. त्याच्या हाती देशभर एकच असलेलं नियमांचं पुस्तक, आणि पुस्तकात बसत असेल ते सगळं त्याने स्वतःच्या अकलेने करायचं. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं आणि कुणाला घरीच ठेवायचं, हेसुद्धा.

साहजिकच टेबलावर बोलाचाली व्हायची. ती खडीसाखरेवर चहा ओतायची, तो आपली कॉफी घेऊन समोर बसायचा, आणि सुरू.

"तुमच्याकडे माणूस दोनदा वाट बघतो," हार्म म्हणायचा. "एकदा गाडीची, मग डॉक्टरची."

"आणि तुमच्याकडे घरी मरतो, पण पुस्तकात सगळं बरोबर असतं."

"पुस्तकात कुणी मरत नाही."

"तेच म्हणतेय मी."

वाद हसण्यावारी जायचा. पण इमकेच्या मनात एक काटा होता. हाताला येत असलेलं काम हाताने करायचं नाही, हे तिला दरवेळी बोचायचं. प्रशिक्षणात तिला सगळं शिकवलं होतं: वेदनेची जालीम औषधं, त्यांची मात्रा, त्यांचे धोके. कायदा मात्र म्हणायचा, शिकलीस ते बरं झालं, आता डॉक्टरची वाट बघ. अगदी प्राणावर बेतलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तर कर. पण मग नंतर सिद्ध करून दाखव की इलाज उरला नव्हता. नवा कायदा यायच्या थोडं आधीची ही गोष्ट. तेव्हा प्रत्येक पॅरामेडिकच्या मानेवर ही सुरी टांगलेली असायची.

त्या वर्षी मक्याच्या कापणीच्या दिवसांत धुकं हटेनाच. दुपार झाली तरी बांधावरून शेजारचं गोठाघर दिसत नव्हतं. अशा दुपारी इमकेच्या गाडीला निरोप आला: पोल्डरमध्ये, समुद्र हटवून काढलेल्या शेतजमिनीत, मक्याने भरलेला ट्रेलर रस्त्याकडेच्या चरात उलटलाय, ड्रायव्हर खाली अडकलाय.

तिच्यासोबत हाइको होता. अंगाने दांडगा, बोलायला कंजूष. तो गाडी अशी हाकत होता की समोरची पांढरी भिंत त्याला आरपार दिसत असावी.

"डॉक्टर?" इमकेने वायरलेसवर विचारलं.

"जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत," नियंत्रण कक्षातून उत्तर आलं. "लहान मूल आहे, झटके थांबत नाहीयेत. त्यांना सोडता येत नाही."

"हेलिकॉप्टर?"

"खिडकीबाहेर बघ."

"मग पलीकडची गाडी मागव," इमके म्हणाली. "डच गाडी. सरहद्दीचा चर ओलांडला की पोचतील."

चरात कमरेएवढं गार पाणी होतं. त्यात तामे ब्रून्स पाठीवर पडला होता, डोकं आणि खांदे तेवढे काठच्या चिखलावर, आणि ट्रेलरची लोखंडी कड त्याच्या उजव्या मांडीवर आडवी बसली होती. इमके त्याला ओळखत होती. गावात सगळेच ओळखायचे. पन्नाशीचा भाडोत्री ड्रायव्हर, सगळ्यांच्या कापणीला धावणारा आणि सगळ्यांना नावं ठेवणारा. आता तो ओरडत होता, आणि त्या ओरडण्यात शब्द नव्हते.

इमके पाण्यात उतरली. मांडीच्या वर पट्टा आवळून तिने रक्त थांबवलं. हाइकोने कसाबसा ऑक्सिजन लावला. गावचे अग्निशामक स्वयंसेवक हवेच्या उश्या घेऊन आले होते. त्या ट्रेलरखाली सरकवून फुगवल्या की कड उचलली जाणार होती. पण तामे थांबेना. वेदनेने तो दोन्ही हातांनी ट्रेलरला ढकलत होता, अंग पिळत होता, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्याला वरचं ओझं चिखलात आणखी खाली सरकत होतं.

स्वयंसेवकांचा म्होरक्या काठावरून म्हणाला, "इमके, हा असा हलत राहिला तर मी उशी फुगवत नाही. ट्रेलर घसरला तर छातीवर येईल."

"थांब जरा."

"थांबायला माझी ना नाही. चिखल थांबत नाहीये."

तिने पुन्हा नियंत्रण कक्षाला विचारलं, डॉक्टरांशी निदान बोलता येईल का. उत्तर आलं की त्या मुलाला नळी घालतायत, दोन्ही हात गुंतलेत. डच गाडीचं विचारलं; तिच्यावर आज हार्म होता. निघालीय, पण धुक्यात रस्ता चाचपत येतेय.

औषध तिच्या पेटीत होतं. वेदना मारणारं, माणसाला जागेपणातून अलगद बाहेर नेणारं. जिल्ह्याच्या नियमात ते पॅरामेडिकला देता यायचं, पण डॉक्टर वाटेवर असतील तरच. डॉक्टर वाटेवर नव्हते. हार्म आला की तो ते सहज देऊ शकला असता. दोन्ही देशांचा करार असा होता की तो सरहद्द ओलांडून आला तरी त्याचा कायदा त्याच्यासोबत यायचा. म्हणजे तेच औषध, तोच माणूस, तोच चर. नवऱ्याच्या हाताने चाललं असतं, तिच्या हाताने नाही. मग थांबावं का? तिने तामेकडे पाहिलं. त्याचे ओठ काळपट पडत चालले होते आणि ट्रेलरची कड मघापेक्षा खाली होती.

"हाइको, पेटी दे."

हाइकोने पेटी दिली. मग हळूच म्हणाला, "मी बघितलं नाही असं म्हणू का?"

"नाही. नीट बघ. आणि विचारलं तर जे बघितलंस तेच सांग."

तिने मात्रा काढली, हाइकोकडून तपासून घेतली आणि दिली. थोड्या वेळाने तामेचे हात सैल पडले, डोळे कुठेतरी लांब बघू लागले. म्होरक्याने उश्या फुगवल्या. कड इंचाइंचाने वर आली आणि चौघांनी मिळून तामेला काठावर ओढलं.

आणि काठावर येताच त्याचा श्वास अडकला.

छाती वर उचलली जात होती, पण हवा आत जात नव्हती. घशाचं दारच मिटलं होतं. हे या औषधाने क्वचित होतं, हे इमकेला पाठ होतं, आणि पाठ असण्याचा त्या घटकेला काही आधार वाटला नाही. तिने जबडा पुढे ओढला, मास्क घट्ट दाबला. हवा आत ढकलायची पिशवी दाबली जाईना. मीच मारला, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी गुडघ्यांवर बसलं. "जबडा तू धर," हार्म म्हणाला. "दोन्ही हातांनी. पिशवी माझ्याकडे."

तो केव्हा आला ते तिला कळलंही नव्हतं. तिने दोन्ही हातांनी जबडा उचलून धरला. हार्मने पिशवीवर दाब धरून ठेवला, न सोडता. मग एकदम काहीतरी सुटलं आणि हवा आत गेली. तामे खोकला. 

पण डावी छाती हलत नव्हती. ट्रेलर उलटताना बरगड्या मोडून फुफ्फुसाभोवती हवा कोंडली होती. हार्मने पुस्तकाप्रमाणे लांब सुई घातली. फुस्स झालं, तामे जरा सुधारला, आणि पुन्हा खालावला. दुसरी सुई घातली. तीही बंद पडली. आता हार्मच्या पुस्तकात पुढचं पान नव्हतं. त्याने इमकेकडे पाहिलं. अशा नजरेने त्याने तिच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या क्षणी धुक्यात निळा दिवा दिसला. ते मूल दुसऱ्या डॉक्टरांच्या हवाली करून डॉक्टर फॉल्कर्ट्स आल्या होत्या. बाई साठीला टेकलेल्या, जन्म भूल देण्यात गेलेला. त्यांनी काही विचारलं नाही. चिखलात बसल्या, सुरीने बरगड्यांमध्ये वाट केली आणि बोट आत घालून कोंडलेली हवा मोकळी केली. तामेचा रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलला.

हॉस्पिटलात पोचवल्यावर त्यांनी इमकेला बाजूला घेतलं.

"औषध कुणी दिलं? तुझ्या नवऱ्याने?"

"मी दिलं."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "त्याने दिलं असं लिहिलं असतंस तर मी काही म्हटलं नसतं."

"त्याने दिलं नव्हतं."

"मग मला कळवावं लागेल. श्वास अडकला होता, ते लपवता येत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत," इमके म्हणाली. पण घेतलं.

जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख डॉक्टर ओल्टमान्स हे काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"औषध द्यायला नको होतं असं माझं म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण उद्या दुसरा कुणी देईल, आणि तिथे नवरा पिशवी घेऊन येणार नाही. माझ्या सहीवर तुम्ही सगळे गाडीवर जाता. सही एकाची, हात तीस जणांचे."

"मग शिकवता कशाला सगळं?"

"तो प्रश्न मला विचारू नका. कायदा करणाऱ्यांना विचारा."

चौकशी होईपर्यंत तिला तातडीच्या गाडीवरून काढून रुग्णांची ने-आण करणाऱ्या गाडीवर टाकलं. डायलिसिसला न्यायचं, आणायचं. तामे जगला होता, पण पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. गावात बोलणारे बोलले. इमकेने घाई केली म्हणे; इमकेने उशीर केला म्हणे. बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं.

"इकडे ये," हार्म रोज म्हणायचा. "नर्सिंगचा अभ्यास पुरा कर, आमच्याकडे लाग. तिथे तुला कुणी विचारणार नाही की का दिलंस. नाही दिलंस तर विचारतील."

तिने मनावर घेतलं. पलीकडच्या अ‍ॅम्ब्युलन्स ठाण्याची परवानगी काढून एक दिवस ती पाहुणी म्हणून हार्मच्या गाडीत बसली.

दिवस साधा होता. दुपारी एका म्हातारीकडे बोलावणं आलं. डाइकेमा आजी, ऐंशी उलटलेल्या, एकट्या. चक्कर आली होती, छातीत जरा घुसमटल्यासारखं झालं होतं, आता बरं वाटत होतं. हार्मने हृदयाचा आलेख काढला. त्यात काही दिसलं नाही. रक्तदाब ठीक.

"मी कुठे येत नाही," आजींनी जाहीर केलं. "मागच्या खेपेला मला हॉस्पिटलच्या बोळात झोपवलं होतं. रात्रभर. लघवीला कुणी नेईना."

"आजी, नेणं माझ्या हातात, न नेणंही माझ्या हातात," हार्म म्हणाला. "तुम्ही फक्त खरं सांगा. दुखतंय?"

"तुझे प्रश्न दुखतायत."

हार्म हसला. त्याने आजींच्या घरच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं. ठरलं की आजी घरी राहतील, डॉक्टर सकाळी येऊन जातील. निघताना आजींनी इमकेच्या हातात मुरंब्याची बिस्किटं कोंबली. इमकेला हेवा वाटला. तिच्या बाजूला अशा आजीला मुकाट्याने गाडीत घालून नेलं असतं, आणि तिने तो बोळही पाहिला होता. इथे एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलून काहीतरी ठरवत होता. घरी परतताना तिने अर्ज करायचं नक्की केलं.

सकाळी घरच्या डॉक्टरांना आजी स्वयंपाकघरात खाली पडलेल्या सापडल्या. हृदयविकाराचा झटका; बहुधा आदल्या दिवशीच सुरू झालेला. हॉस्पिटलात त्या आठवडाभर होत्या आणि मग गेल्या.

पलीकडेही चौकशी झाली. ती लवकर आटोपली. हार्मने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं, फोन केला होता, नोंद केली होती. कुणी त्याला बोल लावला नाही. ठाण्याच्या मुख्याने खांद्यावर हात ठेवला आणि दोन दिवस सुट्टी घे म्हटलं.

हार्म स्वयंपाकघरात बसून राहायचा. कॉफी गार व्हायची.

"जेव," इमके म्हणायची.

"कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं," तो एकदा म्हणाला. "सगळे म्हणतात, तू बरोबर केलंस. मग ती मेली कशी?"

इमकेने गार कॉफी ओतून टाकली आणि नवी त्याच्यापुढे ठेवली.

"तुमच्याकडे असती तर वाचली असती?" त्याने विचारलं. हे विचारताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्हीकडून. "नेली असती," ती म्हणाली. "तेवढं नक्की. पुढचं मला माहीत नाही. कदाचित बोळातच झोपवली असती आणि कुणी बघितलं नसतं."

"मी तिला विचारलं होतं दुखतंय का."

"मी होते तिथे. मलाही पटलं होतं, हार्म. मीही ती बिस्किटं घेऊन आले."

तेव्हा तो रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती हे पहिल्यांदा बघत होती. तिने त्याला धरून ठेवलं. अर्जाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतर तिने तो काढलाच नाही.

हिवाळा संपता संपता तिची चौकशी निकाली निघाली. इलाज उरला नव्हता हे मान्य झालं. हाइकोने जे बघितलं ते सरळ सांगितलं होतं, म्होरक्यानेही. पण निकाल फिरवला तो डॉक्टर फॉल्कर्ट्स यांच्या साक्षीने. त्यांनी सांगितलं की श्वास अडकला तो औषधाने, आणि माणूस बाहेर निघाला तोही औषधानेच; मी तिथे असते तर हेच दिलं असतं आणि हेच झालं असतं. ओल्टमान्सनी इमकेला परत तातडीच्या गाडीवर घेतलं.

त्याच सुमारास दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एक बैठक बोलावली. कुणाची सेवा सरस, ते आकड्यांनी ठरवायचं होतं. इमके आणि हार्म दोघांनाही बोलावणं होतं. पडद्यावर रंगीत आलेख आले. डच गाडी लवकर पोचते की जर्मन, यावर अर्धी सकाळ गेली. शेवटी कुणीतरी लक्षात आणून दिलं की एकीकडचं घड्याळ फोन वाजल्यापासून सुरू होतं आणि दुसरीकडचं गाडी पाठवायचं ठरल्यापासून. सगळे वरमले आणि जेवायला उठले.

दुपारी ओल्टमान्सनी इमकेला काही बोलायचं आहे का विचारलं.

ती उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. "तामे ब्रून्स तुमच्या आकड्यांत जगला म्हणून धरलाय," ती म्हणाली. "डाइकेमा आजी कशातच नाहीत. त्यांना गाडीत घेतलंच नव्हतं, म्हणून. चरात तामेला तिघं लागले. मी एकटी असते तर तो गेला असता. हार्म एकटा असता तरी गेला असता. डॉक्टर एकट्या असत्या तर वेळेत पोचल्याच नसत्या. आमच्याकडे घाबरून काही केलं जात नाही, त्यांच्याकडे घाबरायला जागा नाही. मला दोन्ही नकोत. आम्हाला ठरवू द्या, आणि ठरवताना फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असू द्या. एवढंच."

टाळ्या पडल्या नाहीत. एका अधिकाऱ्याने विचारलं की याला खर्च किती येईल. पण फॉल्कर्ट्सबाईंनी ते उचलून धरलं, आणि वर्षभरात धुक्याच्या दिवसांसाठी एक व्यवस्था लागली: निरोप एकाच वेळी दोन्ही बाजूंना, आणि एक डॉक्टर फक्त फोनवर, दोन्हीकडच्या गाड्यांसाठी. पुढे कायदाही थोडा सैल झाला. सुरी पुरती गेली नाही, पण जरा वर सरकली.

तामे ब्रून्स लाकडी कुबड्यांवर आणि मग नव्या पायावर चालू लागला. बेकरीत एकदा तो इमकेसमोर उभा राहिला.

"काय दिलं होतंस मला?" त्याने विचारलं. "मी हिरव्या गाईंच्या कळपात होतो. सगळ्या माझ्याशी बोलत होत्या."

"काय म्हणत होत्या?"

"तुझ्याबद्दल वाईटच," तो म्हणाला, आणि तिच्या पावाचे पैसे त्याने दिले.

आजी गेल्यावर हार्म वसंतापर्यंत गाडीवर गेला नव्हता. नियंत्रण कक्षात बसून फोन घ्यायचा. मग एका सकाळी त्याने गणवेश चढवला. इमके कामावरून नुकतीच आली होती, बूट काढत होती.

"आज म्हातारी माणसं आली तर?" त्याने दारात उभं राहून विचारलं.

"तर विचार दुखतंय का," इमके म्हणाली. "आणि मग अजून एकदा विचार. आणि तरी ठरत नसेल तर फोन कर. मी जागी आहे."

तो गेला. ती चहा घेऊन फोनजवळ बसली. डोळ्यांवर झोप होती, पण ती बसून राहिली.